नीट बोल, आई

सप्टेंबरचा दुसरा आठवडा आला की आमच्या डेकवर ओकची फळं पडायला लागतात. ठक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक् ठक्. मंजिरी म्हणते, "आला तुझा महिना." माझा जाड स्वेटर कपाटातून काढून खुर्चीवर टाकते आणि पुढे काही विचारत नाही. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर बायकोला एवढं कळतं. बॉस्टनपासून तासाभरावरच्या श्रूजबरीतली आमची मराठी मंडळी या दिवसांत सफरचंदं तोडायला जातात, लाल पानांखाली पोरांना उभं करून फोटो काढतात, दिवाळीच्या नाटकाच्या तालमी सुरू करतात. मीही जातो. खुर्च्या लावायचं काम माझ्याकडे असतं, ते मी मन लावून करतो. पण शनिवारी सकाळी साडेसातला हात आपोआप गाडीच्या किल्लीकडे जातो, आणि मग लक्षात येतं की आता कुठे जायचं नाही.

दोन हजार तीनच्या फॉलमध्ये जायचं असायचं. त्या वर्षी मी दर शनिवारी बॉस्टनला जाऊन एका युनिव्हर्सिटीत आयरिश भाषा शिकत होतो. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग मंजिरीकडे. मूळचा अमरावती जिल्ह्यातला, पुण्यात इंजिनियर झालेला, इथे एका इन्शुरन्स कंपनीचे डेटाबेस सांभाळणारा माणूस. "आयरिश म्हणजे इंग्लिशच ना यार?" असं निदान दहा जणांनी तरी विचारलं असेल. मी सांगतो, नाही, वेगळी भाषा आहे, जुनी आहे, आणि आता फार थोड्या घरांत उरली आहे. मग विचारतात, तुला काय करायचंय तिचं? याचं उत्तर मी आजवर धड दिलेलं नाही.

तेव्हा आम्ही तळ्याजवळच्या एका दुमजली लाकडी घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली घरमालक राहायचा, मार्टिन. वय त्र्याहत्तर, बायको जाऊन चार वर्षं झालेली, उभा जन्म तारांच्या कारखान्यात गेलेला. मंजिरी त्याला मार्टिनकाका म्हणायची. काका म्हणजे काय ते कळल्यावर तो हिवाळ्यात आमच्याही गाडीवरचा बर्फ काढून ठेवायला लागला होता. ऑगस्टमधल्या एका दुपारी तो जिना चढून वर आला, टोपी हातात. म्हणाला, "तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे. मला एक शोधून दे. आयरिश कुठे शिकवतात? युनिव्हर्सिटीत, परीक्षा-बिरीक्षा घेऊन. बारमधलं गाणंबजावणं नको."

त्याची आई आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेली. स्वयंपाकघरात ती बहिणीशी आयरिशमध्ये बोलायची आणि पोरं आत आली की दोघी गप्प व्हायच्या. पोरांचं इंग्लिश बिघडायला नको. मार्टिनला सगळं मिळून तीनच गोष्टी यायच्या: गप्प बस, दार लाव, आणि गाढवा. "दून अन दोरस," तो मला म्हणून दाखवायचा, म्हणजे दार लाव. "रागावताना ती विसरून जायची," तो म्हणाला.  आता डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे त्याला हायवेवर गाडी चालवायची बंदी होती, आणि शिकायचं मात्र होतं.

मी शोधायला बसलो. शोधणं हे माझं कामच, त्यात मला माज होता. "आयरिश" टाकलं की नाच यायचे, इतिहास यायचा, इंग्लिशमध्ये लिहिणारे लेखक यायचे. भाषा कुठेतरी तिसऱ्या पानावर, "सेल्टिक" नावाच्या डिपार्टमेंटखाली लपलेली. मी एक्सेल शीट केली: युनिव्हर्सिटी, कोर्स, वार, वेळ, फोन कोणी उचलला. एके ठिकाणी कोर्स कॅटलॉगमध्ये होता, पण शिकवणारी बाई केव्हाच मायदेशी गेली होती. एके ठिकाणी फक्त पीएचडीवाल्यांना प्रवेश. एके ठिकाणी मंगळवारी भर दुपारी. मी लंच टाइममध्ये पार्किंग लॉटमध्ये उभा राहून फोन करायचो. पलीकडची बाई प्रेमाने विचारायची, "तुमची आयरिश फॅमिली कुठली?" मी म्हणायचो, "खालच्या मजल्यावरची."

शेवटी बॉस्टनमध्ये एक कोर्स सापडला. बिगिनर्स, शनिवारी सकाळी नऊ ते बारा. पण आठ विद्यार्थी झाले तरच चालणार, नाहीतर कॅन्सल. मार्टिन धरून सात झाले होते. शुक्रवारी पाचला यादी बंद होणार होती. चार वाजता मी माझं नाव घातलं. नाहीतरी त्याला सोडायला आणि आणायला मीच जाणार होतो, बाहेर गाडीत बसून राहण्यापेक्षा आत बसू, असा हिशेब. मंजिरीला फोन केला तर ती म्हणाली, "अरे पण आई आल्यात."

आई दोनच आठवड्यांपूर्वी आली होती. बाबा गेल्यानंतर दोन वर्षांनी, माझ्या आग्रहावरून, सहा महिन्यांच्या व्हिसावर. दर्यापूरजवळच्या आमच्या गावातून ती फार तर अमरावतीपर्यंत गेलेली, तीही लग्नकार्याला. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांच्या आया अशाच येतात. पहिले पंधरा दिवस फ्रीज उघडून आश्चर्य करतात, मग खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतात आणि रस्त्यावरून माणूस का जात नाही म्हणून विचारतात. आपण सकाळी आठला जातो, सहाला येतो. वीकेंडला त्यांना मॉल दाखवतो, मंदिर दाखवतो, नायगरा दाखवतो. मी म्हटलं, "शनिवारची सकाळच तर आहे. दुपारी येतोच ना."

आई आली आणि घरात वऱ्हाडी आली. "राजा, हे खार काहून अशी पाह्यते माह्याकडे?" "मंजिरी, मले त बाई हे नळ उघडताच येत नाही." मंजिरी पुण्याची, सदाशिव पेठेतली, तिला हे सगळं फार आवडायचं. ती आईकडून शब्द शिकून घ्यायची आणि चुकीच्या जागी वापरायची, मग दोघी हसायच्या. मला हसू यायचं नाही. मला घाम यायचा.

त्याला कारण आहे, पण ते कारण आता मला पुरत नाही. अठराव्या वर्षी पुण्याच्या हॉस्टेलमध्ये पहिल्याच दिवशी मेसमध्ये मी वाढप्याला म्हणालो होतो, "मले अजून एक पोई दे." सगळं टेबल हसलं. पोरं वाईट नव्हती, त्यातले दोघे आजही माझे मित्र आहेत. पण पुढे वर्षभर माझं नाव पोई होतं. मग मी एकेक शब्द वेचून काढला. मले, तुले, काहून, करून राहिलो, सगळं. दिवाळीला घरी गेलो की बोलायचो, स्टँडवर पुण्याची गाडी लागली की बंद करायचो. पुढे पुढे घरीही बोलेना झालो. लग्न ठरताना मंजिरी म्हणाली होती, "बोलण्यावरून अजिबात अमरावतीकडचे वाटत नाही तुम्ही." मी ते सर्टिफिकेटासारखं जपून ठेवलं होतं.

त्यामुळे आई बोलायला लागली की मी तिला दुरुस्त करायचो. "केयं नाही आई, केळं." "हाय नाही, आहे." ती म्हणायची, "बरं बाप्पा," आणि पुन्हा तसंच बोलायची. एकदा इथल्या इंडियन स्टोअरमध्ये ती भेंडी हातात घेऊन मोठ्याने म्हणाली, "राजा, इथं त सारंच भेटते रे!" मागे आमच्या ओळखीचं पुण्याचं एक जोडपं उभं होतं. मी आईचा दंड धरून तिला डाळींच्या रांगेत नेलं आणि ते बिलिंग करून जाईपर्यंत तिथेच थांबलो. आई मसुरीच्या पिशव्या बघत उभी राहिली. मंजिरीने घरी आल्यावर विचारलं, "का रे सारखं करेक्ट करतोस त्यांना? किती गोड बोलतात." मी म्हटलं, "तुला गोड वाटतं, कारण तुला कधी कोणी हसलेलं नाही." उत्तर मला फार समर्पक वाटलं होतं.

आणि शनिवारी सकाळी मी आयरिश शिकायला जात होतो. मास पाइक हायवेवर दोन्हीकडे झाडं पेटत चाललेली, मार्टिन शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर नवी कोरी वही. शिकवणारी ऊना पन्नाशीची, उंच, सायकलवरून येणारी, त्याच पश्चिम किनाऱ्यावरची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की आयरिश तीन भागांत तीन तऱ्हेने बोलतात, आणि वर एक सरकारने ठरवून दिलेली प्रमाण आयरिश आहे, पुस्तकात तीच असते. पुस्तक वर धरून ती म्हणाली, "ही फॉर्म भरायला चांगली आहे. ही कुणाच्याही आईची भाषा नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस जसं बोलत असेल तसं बोला. मी चूक धरणार नाही." मार्टिनने मान खाली घातली. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे माझ्याकडे, आणि त्या वाक्याखाली दोन रेघा आहेत.

याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ढोंग म्हणावं तर मी खरंच भारावलो होतो. परत येताना मार्टिनशी तासभर तावातावाने बोललो, छोट्या भाषा कशा मरतात, माणसं आपल्याच आईची भाषा कशी लाजून टाकून देतात. दीडला घरी पोचलो. आई जेवायला थांबून राहिली होती, म्हणाली, "भूक लागली असन तुले." मी म्हटलं, "असेल, आई. असेल म्हणतात."

आयरिशमध्ये सॉरी म्हणायला वेगळा शब्द नाही. "टॉ ब्रोन ओरम" म्हणतात, म्हणजे दुःख माझ्यावर आहे. हे मला फार आवडलं होतं. आठवडाभर मी ते गाडीत म्हणत होतो, लाल सिग्नलला, एक्झिट चुकल्यावर. एवढं सहज येत होतं तोंडात.

दिवसा आम्ही दोघं ऑफिसात गेलो की आई खाली पोर्चवर जायची. मार्टिनची आणि तिची एक घडी बसली होती. तो झुलत्या खुर्चीत आयरिशचा होमवर्क मोठ्याने वाचायचा, ती पायरीवर मेथी निवडत बसायची आणि आपल्या भाषेत बोलत राहायची. तिने त्याचं नाव मारोतीभाऊ करून टाकलं होतं. दसऱ्याला तिने अंगणातली पिवळी पानं वेचली आणि त्यातलं एक त्याला सोनं म्हणून दिलं, त्याने ते पाकिटात ठेवलं. एकमेकांचं एक अक्षर दोघांना कळत नव्हतं, पण तो तिला मध्येच थांबवायचा नाही. संध्याकाळी मी गाडी लावायचो तेव्हा कोपऱ्यापासून आईचा आवाज यायचा, मोठा, मोकळा, हात उडवून काहीतरी सांगणारा. मी दिसलो की ती उठून पदर नीट करायची आणि म्हणायची, "च्या ठेवते." मग स्वतःच सुधारायची, "चहा."

ऑक्टोबरच्या मध्यात ऊनाने एक काम दिलं. घरातल्या किंवा ओळखीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटं बोलतं करा आणि टेप करून आणा. भाषा कुठलीही चालेल. लहानपण, जेवणखाण, सणवार, काहीही. कान तयार व्हायला हवा, ती म्हणाली, बोलणारं माणूस ऐकायची सवय हवी. वर्गात बाकी सगळ्यांच्या घरची म्हातारी माणसं इंग्लिश बोलणारी होती. माझ्या घरात मात्र एक खरीखुरी आई होती, दुसऱ्या भाषेतली. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. ऊना म्हणाली, चांगल्या टेप आम्ही डिपार्टमेंटमध्ये जपून ठेवतो. मला मान मिळाल्यासारखं वाटलं.

मी छोटा टेपरेकॉर्डर आणला. रविवारी सकाळी आईला सांगितलं, तुझा आवाज कॉलेजात न्यायचाय. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिने चांगलं लुगडं नेसलं होतं, निळं, जरीकाठी, मी पहिल्या पगारातून घेतलेलं. केस विंचरून, कुंकवाच्या जागी नुसता हात फिरवून, खुर्चीत ताठ बसली. मंजिरी म्हणाली, "आई, फोटो नाहीये हो, फक्त आवाज आहे." आई म्हणाली, "असू दे न. कालेजात जाऊन राहिला."

मी बटण दाबलं. तिला सुरुवात करून द्यावी लागली नाही. "आमच्या गावात न, ह्या दिवसात भुलाबाई मांडो आमी. साऱ्या पोरी गोळा होवो. मंग ज्याच्या घरी जावो तिथं खाऊ कोनता हाय ते वळखा लागे, डबा हालवून हालवून…" तिचा हात डबा हलवायला लागला, कानाशी नेऊन. डोळे मिचकावले. ती दहा वर्षांची झाली होती आणि डब्यात काय आहे ते सांगणार होती.

मी स्टॉप दाबलं. म्हटलं, "आई, नीट बोल. रेकॉर्ड होतंय."

ती थांबली. हात तसाच कानाशी. "नीटच त बोलून राहिली राजा."

"तसं नाही. शुद्ध बोल. आम्ही बोलतो तसं. तिकडे कोणी ऐकलं तर?"

तिकडे म्हणजे कुठे? त्या वर्गात आठ विद्यार्थी आणि एक मास्तरीण. मराठी म्हणजे खायचं की प्यायचं हे तिथे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. पोई म्हटलं काय आणि पोळी म्हटलं काय. पण मला त्या क्षणी असं वाटत होतं की जपून ठेवलेली ती टेप पुढेमागे कुणीतरी पुण्याचा माणूस ऐकेल. बॉस्टनच्या एका युनिव्हर्सिटीतल्या सेल्टिक डिपार्टमेंटच्या कपाटात हात घालून तो नेमकी माझ्या आईची टेप काढेल आणि हसेल. आज हे लिहिताना मला स्वतःची किळस येते. तेव्हा मात्र ते अगदी खरं वाटलं होतं.

आई पुन्हा बोलायला गेली. प्रत्येक शब्दाआधी माझ्याकडे बघायची. "आम्ही भुलाबाई… मांडत… होतो?" दोन वाक्यांत अडकली. मग मीच म्हटलं, थांब, मी लिहून देतो. कागदावर स्वच्छ मराठीत लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं म्हणून. खरीप हंगामात कापूस पेरतात. न्याहारीला ज्वारीची भाकरी आणि पिठले करतात. श्रावणात स्त्रिया उपवास करतात. गावाचं नावसुद्धा घातलं नव्हतं. टेप मागे नेऊन भुलाबाईच्या वरच ते रेकॉर्ड केलं. आईने बोट ठेवून वाचलं, शाळेत मुलं उभी राहून वाचतात त्या सुरात, एकही चूक न करता. मंजिरी मध्येच उठून गॅलरीत गेली. वाचून झाल्यावर आईने विचारलं, "बरोबर झालं का?" मी म्हटलं, "एकदम छान." लुगडं बदलायला आत जाताना ती खूश होती.

वर्गात टेप लागल्या. मार्टिनला विचारायला त्याच्याहून म्हातारं कुणी उरलं नव्हतं. त्याच्या टेपवर तोच होता, आपल्या आईच्या आवाजात ओरडत: गप्प बस, दार लाव, गाढवा. सगळे आधी हसले, मग हसायचे थांबले. नंतर माझी टेप. मिनिटभर ऐकून ऊनाने हळूच विचारलं, "त्या वाचतायत का?"

मराठीचं एक अक्षर न कळता तिला ते कळलं. मी म्हटलं, "लाजाळू आहे ती." हे माझं खोटं. आमच्या गावातल्या कुठल्याही माणसाला विचारा, माझी आई लाजाळू होती का म्हणून. ऊना म्हणाली, "मग परत कर. तिला बोलू दे. डिसेंबरपर्यंत वेळ आहे." परत येताना पाइकवर मार्टिनने विचारलं, "परवा तिने मला काहीतरी मोठं सांगितलं. असा हात कानाशी नेऊन. काय होतं ते?" मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "असंच काहीतरी."

परत टेप करायची राहिली. आधी प्रोजेक्टचं रिलीज होतं, मग थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड, मग बर्फ. अशी कारणं मी भराभर सांगू शकतो. खरं असं की परत टेप करायची तर आईला म्हणावं लागलं असतं, माझं चुकलं, तू तुझं बोल. ते म्हणायला मला जमलं नाही. आयरिशमध्ये येत होतं, पण आईला आयरिश येत नव्हती.

त्या रविवारनंतर ती बदलली. लगेच माझ्या लक्षात आलं नाही, आलं तेव्हा बरं वाटलं. ती माझ्यासमोर जपून बोलायला लागली. "आहे." "नको." "जेवायला ये." वाक्य मनात जुळवून मग बाहेर काढायची, त्यामुळे लांबलचक काही सांगायचीच नाही. खार काय करते ते सांगेना. एकदा भाजी वाढता वाढता म्हणाली, "आता बरोबर बोलते ना रे मी?" ना म्हणाली, न नाही. मी म्हटलं, "हो, आई. मस्त." एखाद्या पोराने पहिला नंबर आणल्यासारखं तिचं तोंड झालं.

फेब्रुवारीत ती गेली. लोगन विमानतळावर मार्टिनही आला होता. त्याला ती भडाभडा काहीतरी बोलली, डोळे पुसत, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काळजी घे. फोन करत जा." मी दर रविवारी फोन करत गेलो. पाच मिनिटांत बोलणं संपायचं. तब्येत ठीक आहे. पाऊस चांगला आहे. मंजिरीला विचारले आहे म्हणून सांग. मग धाकटा भाऊ विनोद फोन घ्यायचा आणि हसायचा, "दादा, आई तुह्याशी अशी बोलते जशी तहसीलदाराशी बोलून राहिली." मागून आईचा आवाज यायचा, "काय सांगतं रे मेल्या त्याले?" तो आवाज ऐकण्यासाठी मी विनोदला जास्त वेळ बोलत ठेवायचो. हे त्याला कधी सांगितलं नाही.

दोन हजार सहात आई गेली, झटक्यात. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. भेटायला आलेल्या एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवून सांगितलं, "तुही माय साऱ्या गावाले सांगे, माह्या आवाज अमेरिकेच्या कालेजात ठेवला म्हून." परत गेल्यापासून ती हे सांगत होती. मी म्हटलं, "हो, ठेवलाय." तो ठेवला नव्हता. ऊनाने ती टेप सेमिस्टर संपल्यावर मला परत दिली होती.

मार्टिन पुढेही शिकत राहिला. दुसऱ्या सेमिस्टरला माझ्याविनाच आठ झाले, त्याला न्यायला वर्गातला दुसरा कुणीतरी मिळाला. आता तो केपवर, समुद्रकाठी, मुलीकडे राहतो आणि ख्रिसमसला मला चार ओळी आयरिशमध्ये लिहितो. मला त्यातल्या दोन कळतात. आम्ही त्याच गावात घर घेतलं, डेकवर ओकची सावली असलेलं.

मागच्या शनिवारी सकाळी विनोदचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. म्हणाला, "दादा, पिंकी इचारून राहिली, आजी कशी बोले. तिले काईच आठवत नाही, चार वर्साची त होती. आपल्यापाशी फोटोच हायेत नुसते. तुह्यापाशी ते टेप हाय न, कालेजातलं?"

हरवली म्हणून सांगता आलं असतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याने मागून पोरीला हाक मारली, "पिंके, ये, आजी आयक," आणि मी जिन्याखालचा खोका ओढून काढला. रेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले. मंजिरी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली. मी फोन स्पीकरपाशी धरला आणि बटण दाबलं.

खरीप हंगामात कापूस पेरतात. न्याहारीला ज्वारीची भाकरी आणि पिठले करतात.

चार मिनिटं ते चाललं.  संपल्यावर मी फोन कानाला लावला. विनोद म्हणाला, "दादा, बाजू चुकली वाटते. इथं त कोनी बाई धडा वाचून राहिली. पलटवून लाव न. आईची बाजू लाव."

मी कॅसेट काढली आणि उलटी घातली. त्या बाजूला काही नाही, हे मला पाच वर्षं माहीत आहे. तरी मी प्ले दाबलं आणि फोन पुन्हा स्पीकरपाशी धरला. तिकडे विनोद पोरीला सांगत होता, "थांब, आता बोलन आजी."